दाराबाहेर ओळख नाही

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनपेक्षा पत्र बरं हे तुझं म्हणणं मला आता पूर्ण पटलंय. मागच्या वेळी फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत राहिलीस आणि नंतर आईकडे चौकशी केलीस की बिट्टीला मी नेमका कशाला होकार दिला. तुझे कान तुला लखलाभ, मी आपली लिहीत जाईन.

बातमी चांगली नाही. आमच्या रुग्णालयाने मी काम करते ती कृत्रिम डोळ्यांची कार्यशाळा मार्चअखेर बंद करायचं ठरवलंय. यापुढे तयार डोळे खोक्यांतून येणार, लहान, मध्यम, मोठे असे, बनियन येतात तसे. रंग फक्त तीन. व्यवस्थापक मला म्हणाले की रुग्णांना काही फरक कळत नाही. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडले.

आईचं म्हणणं, मामाच्या चष्म्याच्या दुकानात बस. मामाने तर गल्ल्यामागे माझ्यासाठी उंच स्टूल आणूनही ठेवलंय. तो बिचारा प्रेमानेच करतो, पण मावशी, मला त्या स्टुलाची धास्ती वाटते. एकदा त्यावर बसले की रंग आणि कुंचला पुन्हा हातात यायचे नाहीत, हे मी तुला लिहून देते.

एका मोठ्या संस्थेत एक जागा निघालीय. अर्ज केलाय. पण डोळे बनवण्याच्या या धंद्यात, तो शिकवणाऱ्या तुझ्याशिवाय मी कोणाला ओळखते? म्हणून मी ऑनलाइन मेळाव्यांना जायचं ठरवलंय. कृत्रिम डोळे, कान, नाक बनवणारी माणसं दर पंधरवड्याला संगणकावर जमतात. संस्थेच्या विभागप्रमुख डॉक्टरबाईच हे मेळावे भरवतात. आधी सगळे एका मोठ्या दालनात असतात, मग यंत्र दोघादोघांना वेगळ्या खोलीत पाठवतं, तिथे ओळख करून घ्यायची, वेळ संपली की परत दालनात. अनोळखी माणसाशी काय बोलायचं असतं गं? माझी आत्ताच पाचावर धारण बसलीय.

तुझ्या मायेत राहू दे.
तुझी,
बिट्टी


९ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तीन रंग! त्या व्यवस्थापकाला माझ्या खिडकीत आणून बसव. फक्त तपकिरी म्हटलं तरी मी त्याला दुपारपर्यंत तपकिरीच दाखवत बसेन.

मेळाव्याचं वर्णन वाचून करमणूक झाली. नुसती डोकी आणि खांदे जमणार म्हणजे अर्धपुतळ्यांचं संमेलनच की. पण जा. चेष्टा करते म्हणून थांबू नकोस. मी सगळं आयुष्य एका खोलीत काढलं आणि कोणाला माझं नावही ठाऊक नाही, तुझं तसं व्हायला नको.

काय बोलायचं म्हणून विचारतेस. खुर्चीत आलेल्या माणसाशी आपण काय बोलतो? तो घाबरलेला असतो, म्हणून आपण त्याच्या कामाचं विचारतो, आणि तो बोलायला लागला की आपण बघायला लागतो. तसंच कर. स्वतःची टिमकी वाजवू नकोस. एक मात्र सांगते, खुर्चीत बघतेस तशी टक लावून लोकांच्या डोळ्यांत बघत बसू नकोस. तुला लहानपणापासून ती खोड आहे. बारशाला आलेल्या पाहुण्यांना रडवलं होतंस.

तुझ्या आईला म्हणावं, स्टुलाची घाई नको.

आठवण ठेव, आणि मी तर ठेवतेच आहे.
तुझी,
मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून भयंकर काहीतरी झालंय. तू मला घरात घेशील की नाही कोण जाणे.

मेळावा सुरू झाला. शंभरेक लोक असतील. पहिल्या फेरीत एक कान बनवणारे गृहस्थ भेटले, फार भले, मी त्यांच्याशी नीट बोलले. दुसऱ्या फेरीत खोली उघडली आणि समोर खुद्द डॉक्टरबाई. माझं धाबं दणाणलं. त्या मात्र छान बोलल्या. रुग्णालयाचा निर्णय ऐकून हळहळल्या, माझा अर्ज आल्याचं त्यांच्या लक्षात होतं. त्या नेहमी फिकट रंगाच्या काचांचा चष्मा लावतात. बोलता बोलता त्यांनी तो पुसायला काढला.

मावशी, त्यांचा डावा डोळा आपल्या धंद्यातला आहे.

इतका सुंदर की दुसऱ्या कोणाला जन्मात कळला नसता. पण पांढरा भाग पिवळट पडलाय, वरची चकाकी गेलीय, खूप वर्षांत कोणी हात लावलेला नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण जसं आपुलकीने सांगतो, तसं मला सांगावंसं वाटलं. शब्द जुळवायला मला वेळ लागला. त्या वेळात पडद्यावर सूचना येत होती की खोली आता बंद होतेय. मी सूचना बघितलीच नाही. मी डोळा बघत होते. आणि तोंड उघडून म्हणाले की बाई, तुमचा डावा डोळा आता नव्याने रंगवून घ्यायला हवा, पिवळा दिसतोय.

तोवर आम्ही मोठ्या दालनात परत आलो होतो. शंभर माणसांनी ऐकलं. त्या अजून बिनचष्म्याच्या होत्या.

कोणीतरी हसलं. कोणीतरी खोकलं. डॉक्टरबाईंचा चेहरा जागच्या जागी थिजला, मग पडद्यावरची त्यांची चौकट काळी झाली. संस्थेतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, हे इतरांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं. जागेचं तर सोड, मी त्या बाईंचं काय केलं गं?

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी,
बिट्टी


२० फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

रागावलेच आहे. पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहायला घेतलं.

माझ्या खोलीत तू कुंचला धरायच्या आधी काय शिकलीस? दाराबाहेर ओळख नाही. आपण केलेला डोळा रस्त्यात समोरून आला तरी आपण मान वळवायची. त्याने हाक मारली तर बोलायचं, नाही मारली तर चालू पडायचं. लग्नसमारंभात एकदा माझा एक डोळा नवरदेवाच्या तोंडावर होता आणि मी अक्षता टाकून जेवून घरी आले, तुझ्या आईलाही कधी कळलं नाही. आपण जे बनवतो ते कोणाला कळू नये म्हणूनच बनवतो. ते तू शंभर माणसांत बोललीस.

खोली बंद होतेय हे दिसलं नाही, हे मी समजू शकते. पण दोघीच होतात तरी तुला बोलायचा हक्क नव्हता. ती तुझ्या खुर्चीत बसलेली नव्हती.

त्यांची माफी माग. थोडक्यात लिही, सबबी सांगू नकोस, आणि जागेचा शब्दही काढू नकोस. मग गप्प राहा.

इतकं लिहून झाल्यावर वाईट वाटतंय. जेवत जा. तुझी आई कळवते की तू ताटात नुसती बोटं फिरवतेस.

राग आहे, पण लोभ त्याहून मोठा आहे.
तुझी,
मावशी


२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सांगितलंस तशी चार ओळींची माफी पाठवली. उत्तर नाही.

काल पुन्हा मेळावा होता. मी वेळेवर जाऊन बसले. पडद्यावर आलं की थांबा, आयोजक आपल्याला आत घेतील. मी केस नीट केले, पाठ ताठ केली आणि थांबले. अख्खा मेळावा संपेपर्यंत ते वाक्य तसंच राहिलं आणि मीही. मध्ये आई खोलीत डोकावली, मला वाटतं माझ्या ताठ पाठीकडे बघून तिला भरून आलं असावं, कारण ती दार हळूच लोटून गेली. कान बनवणाऱ्या गृहस्थांनी नंतर निरोप धाडला की माझा अर्ज अजून यादीत आहे, मुलाखती महिनाअखेरीस आहेत, निवड समितीत ते आहेत, आणखी एक जण आहेत, आणि डॉक्टरबाई आहेत. म्हणजे झालंच.

आता दुसरी गोष्ट. लिहू की नको असं आठवडाभर चाललंय. त्या डोळ्यातल्या लाल शिरा. आपण रेशमाचे तंतू लावतो, पण नाकाच्या बाजूला ते एकमेकांत गुंतवून पुढे नेणारं मी एकच माणूस बघितलंय. आणि बुबुळाच्या खालच्या कडेला मधाच्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका तू सगळ्यात शेवटी, श्वास रोखून टाकतेस. मावशी, तो डोळा तुझा आहे. त्या तुझ्या खुर्चीत बसलेल्या आहेत.

तू एक ओळ लिहिलीस तर? तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. इतकंच लिही की पोर वाईट नाही. महिनाअखेर आली की मला स्टुलावर बसावं लागणार आहे, मी आणखी कोणाकडे पदर पसरू?

आणि तुझं अक्षर असं का झालंय? मागच्या पत्रातल्या ओळी उतरणीला लागल्यासारख्या दिसतात.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
बिट्टी


६ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

टेबलाचा पाय डगमगतोय, म्हणून अक्षर तसं. सुताराला सांगितलंय.

तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर: मी असल्या कोणाला ओळखत नाही. पुन्हा विचारू नकोस.

तुझी,
मावशी


१० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

चाळीसेक वर्षं तू लोकांना डोळे दिलेस आणि स्वतःच्या भाचीसाठी तुझ्याकडे एक ओळ नाही. ठीक आहे. तुझा नियम तुझ्याजवळ ठेव. मामाला मी कळवलंय की एक तारखेपासून येते. त्याला इतका आनंद झाला की स्टुलाला गादी शिवायला टाकली.

कुंचले धुऊन गुंडाळून ठेवलेत. तुझे आहेत, सवडीने परत पाठवीन.

प्रकृतीला जप.
बिट्टी


१३ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

कुंचले परत पाठवू नकोस. घेऊन ये. पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

टेबलाचा पाय ठणठणीत आहे, माझा हातच हलतो. गेल्या वर्षापासून. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुझ्या आईने मला उचलून तिकडे नेलं असतं, आणि दुसरं म्हणजे मला स्वतःलाच ते ऐकायचं नव्हतं. बशीतला चहा बशीबाहेर जास्त असतो. मोठा भाग अजून जमतो, ठसा घेते, साचा करते, पण बुबुळ रंगवायला घेतलं की रंग जाईल तिकडे जातो. हे लिहिताना मला रडू आलं, आता ते झालं.

काल एका माणसाचा निरोप आला. फार वर्षांनी. डोळा पिवळा पडलाय, बघाल का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. हे अर्धवट ऐकून म्हटलेलं हो नाही, चिठ्ठी वाचून म्हटलेलं आहे. माझ्या हातून ते काम होणार नाही आणि नाही म्हणणं मला जमलं नाही.

सोमवारी खुर्चीत कोणीतरी असेल. कोण ते मी लिहिणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. आत आल्यावर आधी हात धुवायचे, मग खिडकीचा पडदा सारायचा, मग बघायचं. तू त्या खुर्चीतल्या माणसाकडे काही म्हणजे काही मागायचं नाहीस. मागितलंस तर त्याच क्षणी मी काम थांबवीन. कबूल असेल तरच ये.

रागावलेली असलीस तर रागावलेलीच ये.
तुझी,
मावशी


२४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आईला तुझ्या हाताचं सांगितलेलं नाही, वचन दिलंय म्हणून. पण उन्हाळ्यात तू इकडे येतेस, त्यावर वाद नको.

त्या पाहुणीबद्दल लिहायचं नाही हे मला कळतं. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, टपालखात्याला कळायचं कारण नाही. मी माझ्यापुरतं लिहिते. दार उघडून आत आले आणि खुर्चीत कोण आहे ते बघितलं, तेव्हा पाय मागे फिरले होते. तिने तर पर्स उचललीच होती. तू मध्ये उभी राहून आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरलेस आणि ते थरथरताना तिला दाखवलेस. मग माझ्याकडे मान वळवलीस आणि म्हणालीस की यापुढे माझे हात म्हणजे ही. ती किती वेळ तुझ्या हातांकडे बघत होती! मग पर्स खाली ठेवली. मी हात धुवायला गेले आणि नळ सोडून रडले, तुला ऐकू आलं नसेल, तिला आलं असणार.

तिन्ही दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी इतक्या जवळून तिच्या उजव्या डोळ्यात बघत होते की त्यात मला माझाच चेहरा दिसायचा. ज्या जागेसाठी माझा जीव टांगणीला लागला होता, ती जागा वीतभर अंतरावर बसलेली, आणि मी विचारायचं काय, तर मान थोडी खिडकीकडे कराल का. किती वेळा शब्द ओठांवर आला. मागितलं नाही. तुझ्या धाकाने नाही. दुसऱ्या दिवशी राखाडीवर हिरवा चढवताना मी जागा विसरूनच गेले होते.

आणि शेवटचा ठिपका. मी कुंचला तुझ्या हाती दिला तेव्हा तू नको नको म्हणत होतीस. मी तुझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तू श्वास रोखलास, मीही रोखला, आणि मला वाटतं खुर्चीतल्या माणसानेही रोखला. पडला तो नेमका जागेवर.

परवा मुलाखत आहे, संगणकावरच. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण मामाने दुकानातला चांगला दिवा आणून माझ्या टेबलावर लावला आणि म्हणाला की स्टुलाची गादी अजून शिंप्याकडेच आहे, जाऊन ये.

मायेचा हात पाठीवर असू दे, हलता असला तरी.
तुझी,
बिट्टी


२७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मुलाखत झाली. जसं झालं तसं सांगते.

तीन चौकटी. कान बनवणारे गृहस्थ, संस्थेतले एक वयस्कर कारागीर आणि डॉक्टरबाई, चष्म्यासकट. त्या काही विचारत नव्हत्या, कागदावर बघत होत्या. वयस्कर कारागीर कडक. त्यांनी माझ्या जुन्या कामाचे फोटो बघितले, नाक मुरडलं आणि म्हणाले की हे सगळं ठीक, पण अलीकडे काय केलंय, सगळ्यात चांगलं असेल ते दाखवा.

मावशी, सगळ्यात चांगलं काम माझ्यासमोर पडद्यावर होतं.

मी म्हटलं की अलीकडे एक काम केलंय, पण ते दाखवायचा हक्क माझा नाही. त्यांनी विचारलं, फोटो तरी? मी म्हटलं, काढला नाही. ते म्हणाले की मग आम्ही निवड कशावरून करायची? मी म्हटलं की मग करू नका. असं काही तोंडून जाईल हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला गादी शिवून आलेली दिसायला लागली.

तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या की ते काम मी दाखवते.

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आल्या की चौकटीत नुसते डोळेच उरले. मेळाव्यात मी शंभर माणसांदेखत डावा म्हटलं होतं, ते दोघेही तिथे होते. तरी वयस्कर कारागीर पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिले, आणि मग हळूच त्यांनी विचारलं की यातला कुठला.

डॉक्टरबाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. त्या म्हणाल्या की माझ्या चेहऱ्यावर हिचं काम आहे, म्हणून मी निवडीत मत देणार नाही, तुम्ही दोघांनी ठरवा. आणि चष्मा न लावताच चौकट बंद केली.

दोघांनी ठरवलं. एक तारखेपासून संस्थेत. मामाला सांगितलं तर तो म्हणाला की गादी फुकट गेली, आणि मला जवळ घेऊन माझ्याहून जास्त रडला.

मी तुला नाही नाही ते लिहिलं होतं. तू एक ओळ लिहिली नाहीस म्हणूनच हे झालं, हे मला आता कळतंय. मला माफ कर.

तुझ्या पायांशी जागा राहू दे.
तुझी,
बिट्टी


३१ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारणीला बोलावून मोठ्याने वाचून घ्यावं असं मनात होतं, पण त्यातल्या एका बाईची ओळख दाराबाहेर द्यायची नाही, म्हणून एकटीनेच वाचलं. किती वेळा ते सांगत नाही.

माफीबिफी काही नको. कुंचले आता तुझेच. नव्या ठिकाणी खिडकी उत्तरेची माग, नसेल तर भांडून घे. खोक्यातले डोळे कोणी आणून ठेवले तर मला कळव, मी येते. उन्हाळ्यातही येते, आईला हाताचं मीच सांगेन.

तू लिहितेस की कोणा बाईंनी चष्मा काढून डोळा दाखवला. कोण त्या, मला ठाऊक नाही. मी असल्या कोणाला ओळखत नाही. पण त्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या म्हणतेस म्हणून विचारते, खालच्या कडेचा ठिपका पडद्यावर दिसला का?

उत्तर लवकर लिही, वाट बघतेय.
तुझी,
मावशी